जहाजाच्या पोटात बैल!

कल्पना करा, तुम्ही समुद्रात आहात आणि समोरून एक लढाऊ जहाज येतंय. शीड नाही. वल्ही नाहीत. दोन्ही बाजूंना तीन-तीन मोठी चाकं, चाकांना फळ्या, आणि त्या फळ्या पाणी कापत, फेस उडवत जहाज पुढे ढकलतायत. आत डोकावलं तर जहाजाच्या पोटात बैल. जोडी-जोडीनं जुंपलेले, तेलाच्या घाण्याला फिरतात तसे गोल गोल फिरणारे.

हे कुठल्या व्हिडिओ गेममधलं नाही. साधारण साडेसोळाशे वर्षांपूर्वी एका रोमन माणसानं हे जहाज कागदावर मांडलं आणि चित्रासकट थेट सम्राटाला पाठवायचा घाट घातला. त्याच्या छोट्याशा पुस्तकाला आज ‘दे रेबुस बेलिकिस’ म्हणतात, म्हणजे ‘युद्धाच्या गोष्टींविषयी’. लिहिणाऱ्याचं नाव मात्र कुणालाच माहीत नाही. अभ्यासक त्याला सरळ ‘ॲनोनिमस’ म्हणतात. आपण त्याला निनावी म्हणू.

पुस्तकात सम्राट कॉन्स्टंटाइनचा उल्लेख होऊन गेलेला राजा म्हणून येतो आणि संबोधन एकापेक्षा जास्त राज्यकर्त्यांना आहे. त्यामुळे बरेच अभ्यासक ते व्हॅलेंटिनियन आणि व्हॅलेन्स या सम्राट-भावांच्या काळातलं, म्हणजे 364 ते 375 च्या दरम्यानचं मानतात. थोरला पश्चिम सांभाळत होता, धाकटा पूर्व. ऱ्हाइन आणि डॅन्यूब या नद्यांपलीकडे जर्मन आणि गॉथ टोळ्या, पूर्वेला इराणचं बलाढ्य राज्य, आणि मधे हजारो किलोमीटरची सीमा.

इंटरनेटवर हे पुस्तक शोधलंत तर नव्वद टक्के वेळा बैलांचं जहाजच समोर येईल. चित्र आहेच तसं! पण जहाजाच्या आधी पुस्तकात जे येतं, ते मला जास्त भारी वाटलं. युद्धयंत्रांचं पुस्तक सुरू होतं पैशांपासून.

आधी हिशेब, मग हत्यार

आमच्या मास कॉमच्या पहिल्याच सेमिस्टरला शिकवतात, बातमी कळत नसेल तर पैसा कुठून कुठे जातोय ते बघा. निनावीनं तेच केलंय. सरकारी तिजोरी रिकामी का होते, इथून तो सुरुवात करतो. त्याचा पहिला रोख कॉन्स्टंटाइनवर. या सम्राटानं सोनं सढळ हातानं वाटलं, छोट्या व्यवहारातही तांब्या-कांस्याच्या जागी सोनं आणलं. झालं काय? श्रीमंतांची घरं आणखी भरली आणि गरीब आणखी चिरडले गेले. त्यातले काही जण मग वैतागून चोऱ्यामाऱ्या, दंगे करू लागले. गुन्हेगारी वाढली तर ती माणसं मुळात वाईट म्हणून नाही, त्यांना तिथवर ढकललं म्हणून, असं चौथ्या शतकातला माणूस सम्राटाला सांगतोय.

मग तो प्रांतांच्या अधिकाऱ्यांकडे वळतो. हे लोक पदावर जातात ते व्यापाराला निघाल्यासारखे. सैन्यात भरतीची माणसं घ्यायची आहेत, घोडे घ्यायचे आहेत, धान्य घ्यायचंय, शहराच्या तटबंदीसाठी पैसा आलाय. यातल्या प्रत्येक ठिकाणी त्यांचा वाटा ठरलेला. टाकसाळीतले लोकही सोन्याच्या नाण्यांत घोळ करतात. त्यावर निनावीचा उपाय ऐका: टाकसाळीतल्या सगळ्या कामगारांना उचलून एका बेटावर नेऊन ठेवा, बाहेरच्या जगाशी संबंधच नको. (हा उपाय वाचून मी मोठ्यानं हसले. ऑफिसमध्ये दोघांनी वळून बघितलं.)

आणि सगळ्यात मोठा खर्च सैन्याचा. नोकरीची वर्षं वाढतील तसा सैनिकाचा पगार आणि शिधा वाढत जातो, म्हणून निनावी म्हणतो की त्यांना लवकर मोकळं करा. सीमेवरच जमीन द्या. ते शेती करतील, ज्या भागाचं रक्षण केलं तिथंच राहतील आणि वर करही भरतील. सीमेवर दर मैलाला एक छोटा किल्ला बांधा, खर्च त्या भागातल्या जमीनदारांकडून घ्या.

आता बैल कुठून आले ते कळतं. माणसं कमी आणि पैसा त्याहून कमी. मग जिथे शेकडो वल्हेकरी लागतील तिथे जनावरं जुंपा, जिथे पूल बांधायला फौज लागेल तिथे पिशव्या फुगवा. विचित्र वाटणाऱ्या प्रत्येक यंत्रामागे त्याचा हाच हिशेब आहे.

प्रस्तावनेत त्यानं आणखी एक गोष्ट मांडलीय. नवं काही सुचायला मोठं घराणं, पैसा, पद किंवा शिकून आलेली भाषेची चमक लागत नाही. लागते ती अंगची बुद्धी. आणि यंत्रकला ही रोमन लोकांची मक्तेदारी नाही, ज्यांना आपण रानटी म्हणतो त्यांनाही ती अवगत आहे. दरबारात हे ऐकून किती भुवया वर गेल्या असतील!

फुगवायचा पूल आणि सराट्याचा भाला

यंत्रांना नावं ठेवायची त्याला भारी हौस. ‘आस्कोगेफिरुस’ हे त्यातलं एक. ग्रीकमध्ये ‘आस्कोस’ म्हणजे कातडी पिशवी आणि ‘गेफिरा’ म्हणजे पूल. वासरांची कातडी कमावून मऊ करायची, शिवायची, त्यात हवा भरायची, या पिशव्या दोरांनी एकमेकींना बांधून नदीवर पसरायच्या. वरून शेळीच्या केसांच्या जाड चटया, म्हणजे ओल्या कातड्यावर सैनिकांचे पाय घसरणार नाहीत. काम चालू असताना शत्रूनं त्रास देऊ नये म्हणून दोन्ही काठांवर धनुर्यंत्रं घेतलेले लोक. चटयांचा तपशील मला फार आवडतो. नुसतं स्वप्न बघणाऱ्याला पाय घसरण्याची आठवण होत नाही.

तसंच ‘थोरॅकोमाखुस’चं. हे हत्यारच नाही, चिलखताच्या आत घालायचा जाड अंगरखा आहे. आपल्याकडच्या बुरणुसासारखा, लोकर दाबून केलेला. लोखंड थेट अंगावर घासत नाही, थंडीही वाजत नाही. पण पावसात लोकर भिजली की अंगरखा जड होणार, म्हणून त्यावर घालायला कातड्याचं आवरणही त्यानं सुचवून ठेवलंय. सैनिकाला भिजल्यावर कसं वाटतं हे सम्राटाला लिहिलेल्या पुस्तकात यावं, हे मला कुठल्याही मोठ्या यंत्रापेक्षा जास्त बोलकं वाटतं.

मग ‘प्लुंबाटा’. लॅटिनमध्ये ‘प्लुंबुम’ म्हणजे शिसं. हातभर लांबीचा, शिशाचं वजन लावलेला आणि मागे पिसं असलेला हा भाला हातानं फेकायचा. हे काही निनावीच्या डोक्यातून आलेलं नाही, सैन्यात ते होतंच. व्हेजिटियस नावाचा लेखक सांगतो की इलिरिया भागातल्या दोन लीजन असे पाच-पाच भाले ढालीत खोचून नेत आणि त्यात इतक्या पटाईत होत्या की सम्राटांनी त्यांना ‘जोव्हियानी’ आणि ‘हर्क्युलियानी’ अशी मानाची नावं दिली. उत्खननात प्लुंबाटांची टोकं सापडलीही आहेत. निनावीनं त्यात भर घातली ती काट्यांची. भाला नेम चुकून जमिनीवर पडला तरी वाया जायला नको, म्हणून दांड्याला चारी बाजूंनी अणकुचीदार काटे. कसाही पडला तरी एक काटा वर राहणार आणि शत्रूच्या पायात घुसणार. याचं नाव ‘प्लुंबाटा ट्रिबोलाटा’. ज्या काटेरी फळावरून हे नाव आलं त्या वनस्पतीचं शास्त्रीय नाव ट्रिब्युलस टेरेस्ट्रिस, म्हणजेच आपला सराटा. माळरानावर ज्यानं ज्यानं पातळ चपला घातल्यात त्याला या हत्याराचं तत्त्व समजावून सांगायची गरज नाही.

सगळंच चांगलं आहे असं नाही हं. चाकांना कोयते लावलेला रथ त्यानं हौसेनं दोन-तीन प्रकारांत दिलाय आणि ही आयडिया त्याच्याही वेळी शिळी होती. इसवी सनापूर्वी 331 मध्ये गौगामेलाच्या लढाईत इराणी सैन्यानं असे रथ सोडले, तेव्हा अलेक्झांडरच्या सैनिकांनी रांगा मोकळ्या करून त्यांना वाट दिली होती. निनावीनं कोयते दोरीनं वर-खाली करायची सोय केली, घोड्यांना चिलखत घातलं. तरी मूळ अडचण तीच राहिली. समोरचा बाजूला झाला तर काय?

उलट तटावर बसवायचं त्याचं बाणयंत्र विचार करण्यासारखं आहे. त्यात लोखंडी धनुष्य आहे आणि त्याचा बाण डॅन्यूबची रुंदी ओलांडेल असा त्याचा दावा आहे. त्या वेळी रोमन सैन्यात दगडफेकीसाठी ‘ओनागर’ वापरत, म्हणजे रानगाढव. पाठलाग करणाऱ्यांवर रानगाढव लाथांनी दगड उडवतं, त्यावरून हे नाव, असं अमिआनस मार्सेलिनस सांगतो. अमिआनस स्वतः सैन्यात अधिकारी होता आणि नंतर इतिहासकार झाला. या गाढवाचा हात मागे ओढायला एका बाजूला चार आणि दुसऱ्या बाजूला चार तरणे गडी लागत. शिवाय ते थेट दगडी तटावर ठेवता येत नसे, कारण सुटताना इतका दणका बसे की तटच खिळखिळा व्हायचा. म्हणजे यंत्र आपलं आणि भिंतही आपलीच पडणार. निनावी काय बदलायला बघत होता ते इथे लक्षात येतं.

कुत्र्याच्या बदल्यात मूल

हे पुस्तक सम्राटांच्या हातात पडलं की नाही, याची कुठेच नोंद नाही. त्यातलं एकही यंत्र रणांगणावर आल्याची खूण नाही. पण त्यानं वर्णन केलेला तो दुसरा रोग, अधिकाऱ्यांच्या खाबूगिरीचा, तो काही वर्षांत साम्राज्याला कसा नडला हे अमिआनसनं लिहून ठेवलंय.

376 मध्ये हूणांच्या भीतीनं गॉथ लोक डॅन्यूबच्या काठी आले. व्हॅलेन्सनं त्यांना नदी ओलांडायची परवानगी दिली. आत घेतल्यावर त्यांना अन्न द्यायचं होतं आणि ते काम होतं लुपिसिनस आणि मॅक्सिमस या अधिकाऱ्यांकडे. भुकेनं हैराण झालेल्या निर्वासितांना यांनी काय विकलं? कुत्रे. शक्य होतील तेवढे कुत्रे जमवले आणि एका कुत्र्याच्या बदल्यात एक माणूस गुलाम म्हणून घेतला. गॉथ सरदारांची मुलंसुद्धा यातून सुटली नाहीत. शरण आलेले लोक बंड करून उठले ते इथून.

9 ऑगस्ट 378 रोजी ॲड्रियानोपलजवळ, आजच्या तुर्कस्तानातल्या एदिर्नेपाशी, रोमन सैन्य कडक उन्हात, उपाशी-तहानलेलं गॉथांच्या गाड्यांच्या वर्तुळासमोर येऊन उभं राहिलं. संध्याकाळपर्यंत जवळपास दोन तृतीयांश सैन्य संपलं होतं. व्हॅलेन्स मारला गेला आणि त्याचं प्रेतसुद्धा मिळालं नाही.

नंतर जिंकलेले गॉथ थेट शहरावर चालून गेले, आणि इथे मात्र यंत्रं आणि डोकं दोन्ही चाललं. तटावरच्या रोमनांच्या लक्षात आलं की आपण मारलेलेच बाण शत्रू उचलून परत आपल्यावर मारतोय. मग हुकूम निघाला: बाणाचं पातं दांड्याला बांधणारी दोरी अर्धवट कापून मग बाण सोडा. अंगात घुसला तर काम करतो, जमिनीवर पडला तर तुटतो, परत वापरता येत नाही. एका ओनागरनं भला मोठा दगड फेकला, तो कुणालाही न लागता जमिनीवर आदळला, पण तो बघूनच समोरच्यांची पाचावर धारण बसली. शहर वाचलं. गॉथांचा नेता फ्रिटिगर्न आधीपासून आपल्या लोकांना सांगत होता की भिंतींशी आपलं भांडण नको.

दोरी अर्धवट कापायला सम्राटाची मंजुरी लागली नाही. खर्च शून्य. निनावीला हे फार आवडलं असतं.

बैल बाहेर, बैल आत

आता पुन्हा जहाजाकडे. ते चाललं असतं का? बैलांचं वजन, त्यांचा चारा, पाणी, शेण, लाटांवर डुलणाऱ्या जहाजात त्यांचं बिथरणं. खुल्या समुद्रात अवघडच होतं. पण तत्त्व चुकीचं नव्हतं. चीनमध्ये सोंग राजवटीत, बाराव्या शतकात, माणसांनी पायानं चालवायच्या चाकांची युद्धनौका प्रत्यक्ष लढल्या. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत घोड्यांनी चालवायच्या फेरीबोटी नद्या आणि सरोवरांवर माणसं नेत होत्या. अशीच एक बुडालेली बोट 1983 मध्ये लेक शॅम्प्लेनच्या तळाशी सापडली.

आणि रोममध्येच एक उलटा प्रयोग झाला. 537 मध्ये गॉथांचा राजा व्हिटिगिसनं रोमला वेढा घातला आणि शहराला पाणी आणणारे कालवे तोडले. त्या पाण्यावर पिठाच्या गिरण्या चालायच्या, त्या थांबल्या. सेनापती बेलिसारियसनं टायबर नदीत दोन-दोन नावा शेजारी बांधल्या, मधे पाणचक्की लावली आणि नावांवर जाती बसवली. प्रवाहानं चाक फिरलं आणि पीठ पडू लागलं. निनावीच्या जहाजात चाकानं नाव ढकलायची होती, इथे नाव बांधून ठेवली आणि पाण्यानं चाक ढकललं.

याच वेढ्यात व्हिटिगिस लाकडी बुरूज घेऊन आला. तटाइतके उंच, चाकांवरचे, आणि ओढायला बैल. प्रोकोपियस हा बेलिसारियसचा चिटणीस तिथे हजर होता. तो सांगतो की बेलिसारियस हे दृश्य बघून हसला. लोकांना वाटलं, याला काही लाज आहे की नाही. त्यानं बुरूज जवळ येऊ दिले आणि मग तिरंदाजांना सांगितलं, बैलांवर बाण सोडा. बैल पडले, बुरूज जागच्या जागी उभे. निनावीनं दीड-दोनशे वर्षांपूर्वी आपले बैल जहाजाच्या आत ठेवले होते, बाणांपासून लांब. एवढं तरी त्याला द्यायला हवं.

कारागिरांच्या दंडावर

मग साम्राज्यात ही यंत्रं बनवणारं कुणी नव्हतं का? होतं की. ‘नोतितिया दिग्नितातुम’ नावाची सरकारी पदांची एक यादी आहे. तिच्यात सरकारी शस्त्र-कारखाने शहरानुसार दिलेत: बाण कोंकोर्दियाला, धनुष्यं टिसिनमला म्हणजे आजच्या पाव्हियात, तलवारी ऱ्हँसला, बाणयंत्रं ऑटन आणि ट्रियरला. व्यवस्था मोठी आणि शिस्तीची होती. पण या कारखान्यांतले कारागीर नोकरी सोडू शकत नसत आणि त्यांची मुलंही त्याच कामाला बांधलेली. 398 च्या एका कायद्यानुसार त्यांच्या दंडावर डाग द्यायचा, रंगरुटांना देतात तसा, म्हणजे पळाले तर ओळखू येतील. नवं सुचायला घराणं-पद लागत नाही असं निनावी लिहितो, आणि ज्यांच्या हातात रोज ऐरण-हातोडा होता त्यांच्या हातांवर सरकारचा शिक्का.

गंमत म्हणजे ही यादी आणि निनावीचं पुस्तक एकाच बाडातून आपल्यापर्यंत आलं. जर्मनीतल्या श्पायरच्या कॅथेड्रलमध्ये ते हस्तलिखित होतं. 1436 मध्ये बाझलला धर्मपरिषदेसाठी आलेल्या पादुआच्या बिशपनं, पिएत्रो दोनातोनं, त्याची चित्रांसकट नक्कल करून घेतली. ती आज ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. मूळ बाड नंतर हरवलं. त्यामुळे आपण जे बैलांचं जहाज बघतो, ते रोमन जहाज कधीच न पाहिलेल्या पंधराव्या शतकातल्या चित्रकाराच्या हातचं आहे. छापील पुस्तक 1552 मध्ये बाझललाच निघालं.

आणि निनावीचा शेवटचा मुद्दा? शेवटचं प्रकरण यंत्रांवर नाही, कायद्यांवर आहे. कायदे एकमेकांत गुंतलेत, एक म्हणतो हो, दुसरा म्हणतो नाही, लोक कोर्टात भरडले जातात. महाराज, एवढं सरळ करा. ही मागणी मात्र पुढे पूर्ण झाली, त्याच्यामुळे नाही, पण झाली. 429 मध्ये थिओडोसियस दुसरा यानं समिती नेमली आणि 438 मध्ये कायद्यांची एकत्र संहिता जाहीर झाली. कारागिरांच्या दंडावर डाग देण्याचा तो 398 चा कायदा आपल्याला माहीत आहे, तो याच संहितेमुळे. नीट, क्रमवार, आपल्या जागी लावून ठेवलेला.